मापाची दोरी

त्या सोमवारी शाळेत एकही पोर आलं नाही. माझी पुष्पी तेवढी पहिल्या रांगेत पाटी घेऊन बसली होती, कारण शाळेमागची खोली हेच आमचं घर, ती जाणार कुठे? मी घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. समोरच्या चिंचेखाली दहाबारा माणसं उभी होती. एरवी लांबूनच ‘नमस्ते बहनजी’ म्हणणारी माणसं. त्यातलं कोणी हललं नाही की बोललं नाही.

“आई, आज सुट्टी आहे?” पुष्पीनं विचारलं.

“नाही. पाढे लिही,” मी म्हटलं आणि उगाच फळा पुसला.

तेवढ्यात कौलावर धोंडा पडला. नंतर दुसरा. पुष्पीला ओढून मी दार लावलं. जवळच्या मोठ्या गावाला, किरनापूरला, जाणारी मोटार संध्याकाळी, पुष्पीचे बाबा बालाघाटला लाकडाच्या डेपोत, आणि गावात माझं सख्खं असं कोणी नाही. दाराला पाठ लावून उभी राहिले तेव्हा माझी नजर भिंतीवर गेली. खिळ्यांना पोरांच्या दोऱ्या लटकत होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

त्या वर्षी, म्हणजे चौसष्ट साली, मध्य प्रदेशातल्या सगळ्या प्राथमिक शाळांना पाठांचा एक गठ्ठा फुकट आला होता. गणित, भाषा, भूगोल, आरोग्य, एकूण एक विषयाचे सायक्लोस्टाईल केलेले हिंदी कागद. साहित्य म्हणून काही विकत आणायचं नाही. चिंचोके, माती, काड्या, सुतळी एवढ्यावर भागवायचं. बऱ्याच गुरुजींनी त्या कागदांनी माठ झाकले. मी नुकती ट्रेनिंग करून आलेली, अंगात रग होती. मी कागदन्‌कागद वाचला. त्यातला एक पाठ मला फारच आवडला. प्रत्येक पोराला भिंतीशी उभं करायचं, त्याच्या उंचीएवढी सुतळी कापायची, तिला त्याच्या नावाची चिठ्ठी बांधायची. दोरी मोजली की गणित. ‘मी एवढा आहे’ असं चार ओळींत लिहिलं की भाषा. पुढच्या वर्षी पुन्हा मापून कोण किती वाढलं ते पाहिलं की आरोग्य. आणि भूगोलासाठी, शाळेपासून नदी किती दोऱ्या लांब आहे ते पोरांनी स्वतः मोजायचं.

पोरं आधी बिचकली, म्हणून मी पहिल्यांदा पुष्पीलाच मापलं. मग काय, झुंबड! शनिवारी मी सगळी वरात दोऱ्यांसकट नदीवर नेली. अख्ख्या जिल्ह्यात हा पाठ माझ्याइतका कोणी रंगवला नसेल, अशा तोऱ्यात परत आले.

नदीवर पुलाचं काम चालू होतं, हे मला दिसत होतं. पण गाव त्याच्याकडे कशा नजरेनं बघतं, ते मला दिसलं नाही. पूल उभा राहायला लेकरू मागतो, अशी तिकडची समजूत. लेकरू धरून न्यायलाही नको. त्याचं माप घेतलं आणि ते पुलाच्या पायात गाडलं की पुरे. पूल उभा राहतो आणि लेकरू घरच्या घरी सुकत जातं. आणि इथे पहिल्याच खांबाचा खड्डा दोनदा ढासळला होता. अशात बहनजीनं गावातल्या सगळ्या पोरांची मापं काढली, आणि ती घेऊन कुठे गेली, तर थेट पुलावर!

दार वाजलं. वाजलं कसलं, हादरलं.

“बहनजी, दार उघडा!” हा आवाज गावच्या पटेलाचा, दुलीचंदचा. “नाई तं आमी उघडतो.”

पुष्पी माझ्या लुगड्यात तोंड खुपसून रडत होती. पण मला भीती वाटली की रागही येतो, तो माझा जन्माचा स्वभाव. मी कडी काढली.

दारात दुलीचंद होता, पण पुढे झाली रुख्माबाई. पुलाच्या कामावर गिट्टी, म्हणजे खडी, वाहणारी उंच बाई. तिचा वसंता दुसरीत होता, तिचं एकुलतं एक पोर.

“माया वसंताची दोरी द्या,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “काहून घेतलं त्याचं माप? कोनं सांगतलं तुमाले?”

“अहो, पाठ आहे तो. कागद आलाय सरकारकडून, हा बघा.”

कागद दाखवला तेव्हाच मला कळलं की चूक झाली. सरकारनं पाठवला म्हणताच मागे एकच गलका उडाला. पूल तरी कोणाचा होता? सरकारचाच.

“न्या सगळ्या दोऱ्या!” मी ओरडले. “ही वसंताची. चिठ्ठीवर नाव आहे.”

“चिठ्ठी आमाले कोठी वाचता येते?” दुलीचंद म्हणाला. “अन् खऱ्या कोनत्या, खोट्या कोनत्या, कोनाले ठाव? खऱ्या पुरल्या असान तं?”

कोणीतरी माझा हात धरला. कोणी पुष्पीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालं. मी तिला पाठीमागे घेतलं. त्या घटकेला मला खरंच वाटलं की आम्ही दोघी ह्या दारातून जिवंत बाहेर पडत नाही.

“थांबा!” रुख्माबाई त्यांच्यावर खेकसली. मग माझ्याकडे वळली. “तुमच्या पोरीची दोरी आहे ना याच्यात?”

“आहे.”

“दोरी म्हंजे निस्ती दोरी असं म्हनता ना तुमी? मंग तिची दोरी टाका पुलाच्या खड्ड्यात. आमच्या डोयासमोर. मंग आमी मानू.”

मला वाटलं, एवढंच? आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली. माझ्या वडिलांनी देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हातानं वैनगंगेत सोडले होते. गंडा, ताईत, उतारा, असलं काही दिसलं की माझं डोकं उठायचं. मी खिळ्यांवरच्या सगळ्या दोऱ्या खांद्यावर टाकल्या, पुष्पीची तेवढी हातात घेतली आणि तिला घेऊन चालू लागले. सगळं गाव मागे.

खड्ड्याच्या तळाशी चिखल होता. त्यात उद्या काँक्रीट पडणार होतं. मी पुष्पीकडे पाहिलं नाही. दोरीची गुंडाळी केली, वर धरून सगळ्यांना दाखवली आणि खाली टाकली. हात कापला नाही. उलट बरं वाटलं, जिरली एकेकाची, असं वाटलं. बायकांनी आपापल्या पोरांच्या दोऱ्या माझ्याकडून मागून घेतल्या, दुलीचंदनं हात जोडले, आणि उद्यापासून पोरं शाळेत येतील असं ठरलं.

परत येताना पुष्पी म्हणाली, “आई, त्यांच्या दोऱ्या त्यांच्या आयांनी घरी नेल्या.”

“मग?”

ती माझा हात सोडून पुढे चालू लागली.

सकाळी तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. दात वाजत होते. हिवताप, मी स्वतःला सांगितलं. गावात घरटी एक जण हिवतापानं पडलेला होता, त्यात नवल काय? डब्यात गोळ्या होत्या, एक दिली, दोन गोधड्या घातल्या, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. मग तिनं डोळे अर्धवट उघडले आणि माझ्याकडे बघत राहिली, ओळख नसल्यासारखी.

त्या बघण्यानं माझ्यातलं सगळं शिक्षण गळून पडलं. आज काँक्रीट पडणार! एवढंच डोक्यात उरलं. मी पायांत चप्पलही घातली नाही. पोरं शाळेकडे येत होती, ‘बहनजी, बहनजी’ म्हणत होती, त्यांच्यामधून मी वेड्यासारखी धावत सुटले. एरवी कोणा बाईला असं धावताना पाहिलं असतं तर मीच तिला चार शब्द सुनावले असते. तोंडानं मी काहीतरी पुटपुटत होते. माझ्या वडिलांनी नदीत सोडलेल्या देवांची नावं होती ती.

नदीवर काँक्रीटचा मसाला कालवून तयार होता. मुकादम ओरडत होता. “थांबा! थांबा हो!” करत मी सरळ खड्ड्यात उतरले, उतरले कसली, घसरले. दोन्ही हातांनी चिखल उपसू लागले. इथेच पडली होती. की तिथे? हाताला दगड लागले, मुळ्या लागल्या. वरून माणसं हसत होती, मग हसायची थांबली. मुकादम म्हणाला, “बहनजी, बाहर आइए, मसाला सूख रहा है.” मला रडू फुटलं. पोरीला मीच गाडलं, असं मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काठावर कोणीतरी येऊन उभं राहिलं. डोक्यावर गिट्टीचं टोपलं. रुख्माबाई. तिनं टोपलं खाली ठेवलं, वाकून मला हात दिला आणि वर ओढलं. मग कमरेचा पदर सोडून तिनं आत गुंडाळलेली सुतळी काढली. चिठ्ठीवरची शाई पसरली होती, पण अक्षर पुष्पीचंच होतं.

“काल तुमी पाठ फिरवली अन् मीनं उतरून काढली,” ती म्हणाली. “रातभर उशाखाली ठेवली. सकायी देनारच होतो.”

मी दोरी छातीशी धरली. “तुम्हीच तर म्हणालात, टाका म्हणून.”

“हौ, म्हटलं. मायं डोस्कं ठिकानावर नोतं.” ती माझ्याकडे रोखून बघत होती. “पन तुमी खरंच टाकसान, असं मले वाटलं नोतं, बाई.”

मी दोरीची गाठ पुन्हा पुन्हा चाचपली.

“पोरीले काय झालं?”

“ताप आहे. खूप ताप आहे.”

“मंग कोनापाशी आहे ते?”

मी शाळेच्या दिशेला पाहिलं. चिखलानं भरलेले माझे हात, त्यात ती दोरी.

“एकलीच ठेवून आल्या?” रुख्माबाई म्हणाली, आणि मुकादमाच्या हाका कानाआड करून शाळेकडे धावली. मी तिच्या मागे.