ओठावर आलेले शब्द

पोर रडलं नाही.

रंभाबाईने नाळ बांधून कापली, बोटाला फडकं गुंडाळून तोंडातला चिकटा काढला, पाय धरून उलटं केलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. पोर निळंच. मुलगी होती. भर दुपारी बबनरावांच्या माजघरात अंधार होता आणि बाहेर ओसरीवर बसलेल्या माणसांचं बोलणं एकाएकी थांबलं होतं.

बाळंतीण शालनची सासू, बबनरावांची बायको सोजराबाई ऊन पाण्याचं पातेलं धरून उभी होती. रंभाबाईने एका घमेल्यात गार पाणी मागितलं. मिशनच्या दवाखान्यात असं मूल तिने पाहिलं होतं. तिथली डॉक्टरीण छातीवर एकदा गार, एकदा ऊन पाणी मारायची, मध्ये तोंडाला तोंड लावून फुंकर घालायची. तिने तेच सुरू केलं. गार, ऊन, फुंकर. पोर हललं नाही.

आणि तेव्हा ते शब्द तिच्या ओठावर आले. बाप्तिस्म्याचे. ओंजळीत पाणी होतंच. पाळक, म्हणजे धर्मगुरू, नसेल आणि जीव जात असेल तर कुणीही ख्रिस्ती माणूस, बाईसुद्धा, मुलाला बाप्तिस्मा देऊ शकतो, हे ती लहानपणापासून शिकली होती. म्हणायला क्षणसुद्धा लागला नसता. कुणाला कळलंही नसतं.

तिने ओठ मिटले. मग मोठ्याने म्हणाली, "प्रभू येशू, या लेकराला श्वास दे," आणि पुन्हा पाणी मारलं. पुन्हा फुंकर घातली. पोरीच्या छातीची एक बाजू उचलल्यासारखी झाली, नाकातून बुडबुडा आला आणि मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज निघाला.

सोजराबाईने पातेलं खाली ठेवून देवाला हात जोडले. शालन बाजेवरून विचारत राहिली, काय झालं, काय झालं. दारात ज्योतीरामाची, म्हणजे बबनरावांच्या धाकट्या भावाची बायको उभी होती, हे रंभाबाईने तेव्हा पाहिलंच नाही.

रंभाबाई नि तिचा नवरा शांतवन मूळचे नागपूरपलीकडच्या सौंसरकडचे. तिकडे ल्यूथरन मिशनच्या दवाखान्यात ती दाईकाम शिकली. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा शांतवनला तिथे काम लागलं, त्याच्यामागून त्यांच्याच मंडळीची, म्हणजे चर्चची, आणखी काही घरं आली. पिंपरीजवळ जागा मिळेना, म्हणून ती सगळी नदीपलीकडे पिंपळे गुरवात भाड्याने राहिली. चैत्रात नदीला गुडघाभर पाणी असायचं, माणसं चपला हातात घेऊन कामाला जायची. बबनरावांनी मळ्याच्या कडेची पत्र्याची खोली त्यांना उपासनेला दिली होती. पाळक फार लांबून, वर्षाकाठी एखाद्या वेळी येई. एरवी त्यांच्यातलाच कोंडाजी बायबल वाचायचा, तोच प्रार्थना सांगायचा. तो कारखान्यात फिटर होता आणि मंडळीचा पंच.

गोष्ट गावात पसरायला आठवडाही लागला नाही. नर्सबाईने पोरीवर पाणी उडवलं, वर येशूचं नाव घेतलं. पोर बाटवलं. त्या वर्षी तसंही मिशनवाल्यांविषयी जिथे तिथे बोललं जात होतं. तालुक्याहून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी नवं सांगायचा. पाणवठ्यावर बायका रंभाबाईला पाहून हंडे बाजूला ओढू लागल्या. वाण्याने तिच्या हातात सामान न देता पायरीवर ठेवलं.

एका संध्याकाळी कोंडाजी रंभाबाईच्या घरी आला. त्याने बराच विचार करून ठेवला होता. गावाने विचारलं तर सरळ सांगायचं की पाणी फक्त श्वासासाठी मारलं. तोंडातून शब्दही काढला नाही म्हणायचं. प्रार्थना केली हेसुद्धा सांगायचं नाही.

"पण केली ना," रंभाबाई म्हणाली.

कोंडाजीने तिच्याऐवजी शांतवनकडे पाहिलं. तो म्हणाला, खोली गेली तर मंडळी फुटेल, माणसं चार दिशांना जातील, हे तिला समजावून सांग. कोंडाजी गेल्यावर शांतवनने बायकोला एवढंच विचारलं, की आणखी काही होतं का?

तिने त्याला ओठावर आलेल्या शब्दांचं सांगितलं. आणि जे तिला खरं छळत होतं तेही. ती पोर बाप्तिस्म्याविना गेली असती तर? तोंड मिटून तिने पाप केलं की उघडलं असतं तर पाप झालं असतं, हे तिला अजून उमगत नव्हतं. स्वयंपाक करताना, केर काढताना तेच डोक्यात फिरत होतं.

रविवारी उपासना अर्ध्यावर आली असताना पत्र्यावर दगड पडला. कोंडाजी वाचायचा थांबला. दुसरा दगड पडला. दार ढकलून ज्योतीराम आत आला, त्याच्यामागे बरीच माणसं. त्याने चपला बाहेर काढल्या होत्या, पण हातातली काठी काढली नव्हती.

"बाई, देवळाम्होरं चला," तो म्हणाला. "बाकीच्यांचं काम न्हाई."

मंडळीतली सगळीच उठली. कुणी कुणाला सांगितलं नाही. बायकांनी मुलं कडेवर घेतली आणि रंभाबाईच्या मागून चालू लागल्या.

भैरोबाच्या देवळापुढे गाव जमलं होतं. बबनराव पारावर बसले होते. त्यांच्या पुढ्यात पितळी ताटलीत बेल आणि भंडारा. त्या गावात कसलाही मोठा तंटा त्या ताटलीवर मिटायचा. बेलभंडारा उचलून जो बोलला त्याचं खरं. खोटं बोलला तर भैरोबा बघून घेईल.

बबनरावांचा आवाज शांत होता. "बाई, तुमच्यामुळं माझी नात जगली, ते मी इसरलो न्हाई. पर उद्या हिला कोण सून करून घेईल? बाटलेली म्हनतील. हा बेलभंडारा उचला आन् सांगा, पोरीला तुमच्या धर्मात घेतलं का न्हाई. आमी मानू."

रंभाबाईने ताटलीकडे पाहिलं. उचलायचा आणि नाही म्हणायचं, एवढंच. तेही खरंच होतं. कोंडाजी मागून हलक्या आवाजात म्हणाला, उचल. तिला त्याचा श्वास मानेवर जाणवला.

"हे मला उचलता येणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या देवाचा अपमान करायचा म्हणून नाही. ज्याला मी मानते त्याच्याशिवाय दुसऱ्याची शपथ मी घेतली तर ती खोटीच होईल. तुम्ही विचारा, मी तशीच सांगते."

गर्दी पुढे सरकली. कुणीतरी म्हणालं, बघा, चोर सापडला. शांतवन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. एका पोराने भोकाड पसरलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. ज्योतीरामाने काठी जमिनीवर आपटली.

"पानी टाकलं का?"

"टाकलं. श्वास यावा म्हणून."

"येशूचं नाव घेतलं का?"

तिला मागे कोंडाजी खाकरल्याचं ऐकू आलं. "घेतलं," ती म्हणाली. "पोर वाचव म्हणून मागितलं."

"मग बाटलीच की पोर," ज्योतीराम गर्दीकडे वळून म्हणाला.

"नाही." तिचा आवाज चढला. "नुसत्या पाण्याने माणूस ख्रिस्ती होत नाही, नाहीतर नदीत उतरणारी तुमची म्हसरं कधीच झाली असती. पाण्याबरोबर देवाचं वचन म्हणावं लागतं. आईबापांनी मागावं लागतं. आम्ही ते मंडळीसमोर उघड करतो, चोरून करत नाही."

ज्योतीराम तिच्या अगदी जवळ आला. त्याने कुठून तरी नीट चौकशी केली होती. "मरत्या पोराला कुनीबी देऊ शकतं म्हनं. बाई मानूसबी. खरं हाय का?"

कोंडाजीने डोळे मिटले. रंभाबाईला वाटलं, इथे थांबावं. नाही म्हणावं. यातलं खरंखोटं इथे कुणाला कळणार होतं?

"खरं आहे," ती म्हणाली. "आणि ते शब्द माझ्या ओठावर आलेही होते."

मग जे झालं त्याला गलका म्हणायचं. कुणी तिचा पदर ओढला, कुणाचा तरी हात शांतवनच्या छातीवर बसला. बबनराव उभे राहिले आणि ओरडले तेव्हा कुठे माणसं मागे हटली. ते पारावरून खाली उतरले, तिच्यासमोर आले.

"मग म्हनलं का न्हाई?"

"कारण लेकरू माझं नव्हतं," ती म्हणाली. "शालनने ते माझ्या हातात श्वासासाठी दिलं होतं, दुसऱ्या कशासाठी नाही. आम्ही असं मानतो की देव जे देतो ते फुकट देतो. आमच्या पुण्याईवर देत नाही, आमच्या हुशारीवरही नाही. मग त्याच्यासाठी मी तुमच्या घरात चोरी कशाला करू?"

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सोजराबाई पुढे आली. ती नवऱ्यासमोर चारचौघांत कधी बोलली नव्हती.

"मी हुते तिथं," ती म्हणाली. "मंतर बिंतर काय न्हाई म्हनली. देवाला हाका मारत हुती. ती तिच्या देवाला, मी माझ्या. कुनी ऐकलं त्ये मला काय ठावं."

बबनरावांनी ताटली उचलून पुजाऱ्याकडे दिली. नातीपुरता प्रश्न मिटला, असं त्यांनी गावाला सांगितलं. पुन्हा कुणी तो काढला तर गाठ आपल्याशी आहे. मग ते रंभाबाईकडे वळले आणि त्यांचा आवाज उतरला.

"तुमचं खरं हाय, मला कळलं. पर खोली तेवढी मोकळी करा. मला ह्याच गावात ऱ्हायचंय."

तिने मान हलवली.

कोंडाजी वाटेत तिच्याशी बोलला नाही. खोलीतली सतरंजी गुंडाळताना मात्र त्याचा बांध फुटला. ओठावर काय आलं होतं हे कुणी विचारलं होतं का, तो म्हणाला. ते एक वाक्य गिळलं असतं तर हे छप्पर राहिलं असतं. कदाचित त्याचंच बरोबर होतं, रंभाबाईला वाटलं. तिने सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

त्यानंतर मंडळी नदीच्या पिंपरीकडच्या काठाला कामगारांच्या चाळीमागे कडुनिंबाखाली जमू लागली. दोन घरं यायची बंद झाली. गावातून बाळंतपणाचं बोलावणं येईनासं झालं. जुन्या सुईणीच्या हातून आषाढात एक पोर गेलं, ते रंभाबाईला नंतर कळलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

श्रावणात एकदा ती नदीवर धुणं धूत असताना शालन आली. पोरीला पाठीला बांधलं होतं. शालनने आजूबाजूला पाहिलं, मग शेजारच्या दगडावर बसली आणि आपलं धुणं सोडलं. दोघी कपडे आपटू लागल्या.

"बाई, एक इचारू?" शालन म्हणाली. "तवा ही गेली असती, तर? तुमी त्ये म्हनला न्हाई म्हून तुमच्या देवानं हिला घेतलं नसतं का?"

रंभाबाईचे हात पाण्यात थांबले. हाच प्रश्न तिने इतके महिने उलटापालटा करून पाहिला होता, आणि दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकताना तिला पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

"मला नक्की सांगता येत नाही, शालन," ती म्हणाली. "पण ज्याने हिला घडवलं तो माझ्या दोन शब्दांसाठी अडून बसला असता, असं मला वाटत नाही. तसा असता तर मी त्याला मानलं नसतं."

शालनने थोडा विचार केला. मग पाठीची गाठ सोडून पोरगी रंभाबाईच्या ओल्या मांडीवर दिली, कारण तिला लुगडं पिळायला दोन्ही हात हवे होते.