उकंडाजींची पारख

उकंडाजींनी पिल्लाच्या कपाळावरचे केस दोन बोटांनी फाकवले, चष्मा नाकावर सरकवला आणि बराच वेळ न्याहाळत राहिले. मग पिल्लू हलकेच खाली ठेवून त्यांनी मान हलवली.

“नाही जमत. भोवरा डोळ्याच्या खालतं हाये.”

“काका, हे लॅब्राडोर आहे,” पिल्लांचा मालक म्हणाला. “बैल नाही.”

“ते दिसून राह्यलं मले.”

यवतमाळातल्या त्या गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती आणि उकंडाजींची नातवंडं, उर्वशी अन अश्वजित, त्यांच्यात जवळपास सातवं-आठवं पिल्लू झाले होते. धर्मपालनं वडिलांकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे, मग आभाळाकडे. माणूस महिनाभर अभ्यास करतो, लहान लेकरं असलेल्या घरात कोणत्या जातीचं कुत्रं चांगलं ते नीट लिहून काढतो, बाभुळगावहून भर उन्हात गाडी घेऊन येतो, आणि त्याचा बाप कुत्र्याचा भोवरा पाहतो. आता यावर बोलायचं तरी काय!

जिन्याच्या तोंडाशी त्याची बायको दिपाली पर्स पोटाशी घट्ट धरून उभी होती. सुटले बाई, तिच्या मनात आलं. एक आठवडा तरी सुटले.

दिपालीला कुत्र्यांची भीती वाटायची, आणि ती काही दचकून हसून सोडून देण्यातली भीती नव्हती. ती चौथीत असताना कळंबला, माहेरी, शाळेच्या वाटेवर एका कुत्र्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला होता. त्यानंतर पोटातली चौदा इंजेक्शनं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सासरी हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. धर्मपालनं पोटरीवरच्या वणाबद्दल विचारलं तेव्हा तिनं सायकलच्या चेनचं नाव पुढे केलं. नव्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या कोण सांगतं, की मी अमक्याला भिते म्हणून? पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, आणि मग राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात मात्र एक गोष्ट घडली. फाटक उघडं होतं, गल्लीतलं एक कुत्रं शेपूट हलवत अंगणात शिरलं. चार वर्षांच्या अश्वजितनं कुत्र्याकडे पाहिलंच नाही. त्यानं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग भोकाड पसरलं. दिपालीला तेव्हाच कळलं. पोरगं कुत्र्याला भ्यालं नव्हतं, आईच्या चेहऱ्याला भ्यालं होतं. म्हणून धर्मपालनं जेवताना सहज विचारलं, “एखादं कुत्रं आनाचं काय घरी?” तेव्हा सगळ्यांत आधी “हो” म्हणाली ती दिपाली. आपलं भेव आपल्यापाशीच संपलं पाहिजे, लेकरांच्या अंगात ते उतरता कामा नये, एवढंच तिला हवं होतं. त्यापायी मन घट्ट करून दिवस काढावे लागले तर काढू.

आणि उकंडाजी म्हणाले होते, “मी येतो संग. जनावराची पारख मले हाये.”

ती होतीच. स्वतःची चार एकर कोरडवाहू आणि एकच जोडी, पण उकंडाजींनी हात फिरवल्याशिवाय आसपासच्या दहा गावांत कुणी बैल विकत घेत नसे. दात, खूर, चाल, शेपटीचा गोंडा; माणूस पाच मिनिटांत सांगायचा. पुढे ट्रॅक्टर आले आणि त्यांना विचारायला येणारे थांबले. बाबांचा जीव रमेल, असं वाटून धर्मपालनं त्यांना गाडीत पुढे बसवलं आणि आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण लॅब्राडोर भोवऱ्यावर गेला. पुढच्या रविवारी गोल्डन रिट्रीव्हर पाहिलं, तेव्हा उकंडाजींनी त्या घरातला एसी बंद करायला लावला, दहा मिनिटं पिल्लाचं धापणं पाहिलं आणि म्हणाले, “एवढी लोकर घेऊन हे आपल्या मे महिन्यात जगन काय? की फ्रिजात ठिवता?” तिसऱ्या रविवारी नेरला एका ठेकेदाराकडे जर्मन शेफर्ड. दिपाली गाडीतून उतरलीच नाही. चप्पल तुटली म्हणाली. उकंडाजी पाच मिनिटांत परत आले. मागचे पाय बसके आहेत, म्हणाले. चौथ्या रविवारी बीगल. त्याचे कान त्याच्याच पायाखाली येतात, असा त्याच्यावर आरोप. बाकी दर वेळी दिपाली म्हणायची, “चांगलं तं हाये, मामाजी.” आणि दर वेळी उकंडाजी मान हलवायचे.

बीगल पाहून परतताना धर्मपालचा बांध फुटला.

“बाबा, तुमाले कुत्रं आनाचंच नाही तं तसं सांगा ना सरळ. दर ऐतवारी आमचा तमाशा कायले करता?”

“चांगलं भेटलं की घेऊ.”

“तुमाले चांगलं भेटतच नाही! लोकाइले जे चालते ते तुमाले चालत नाही.”

उकंडाजी खिडकीबाहेर नांगरून पडलेल्या वावरांकडे पाहत राहिले. मागून उर्वशी म्हणाली, “आबा, तुमी बेकार हा.” तिसरीतल्या पोरीचा आवाज रडका होता, पण शब्द लागायचा तो लागला. तिला कुणी रागावलं नाही, म्हणून तो आणखीच लागला.

त्या दिवसापासून लेकरांनी आजोबांशी कट्टी घेतली. अश्वजित रोज दुपारी ओसरीतल्या खाटेवर आबांच्या कुशीत निजायचा. त्यानं आपली उशी ओढत ओढत आत आईजवळ आणली. दिपाली तीनदा ओसरीत डोकावली. उकंडाजी खाटेच्या अगदी काठावर आडवे झाले होते. पोराची जागा त्यांनी तशीच सोडली होती.

तिला ते पाहवेना. म्हाताऱ्यानं नाही म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, आणि त्याची किंमत तो मोजतो! चौथ्या दिवशी ती चहा घेऊन ओसरीत गेली आणि खाली बसली.

“मामाजी, येत्या ऐतवारी हो म्हना. कोनतंही असो. पोट्टे तुमच्यासंग बोलत नाहीत, मले चांगलं नाही वाटत.”

उकंडाजींनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

“मी कुत्रे पाहून नोतो राह्यलो, दिपाली.”

“मंग?”

“तुह्याकडे पाहून राह्यलो होतो.”

दिपालीनं बसल्या बसल्या पाय पदराखाली ओढले.

“पिल्लू तुह्याकडे वळलं की तू पाय मांगं घेते. दर डाव घेतला. नेरले तं उतरलीच नाही. चप्पल धड होती तुही, मी पाह्यली.” त्यांनी बशी तोंडाला लावली, पुसली, खाली ठेवली. “तुह्या सासूच्या वक्ती फसलो मी. असा बैल आनला होता, असा बैल, की अख्खा बाजार पाहत राह्यला. कांताबाई त्याले भे. तोंडानं कधी बोलली नाही. दोन वर्षं काठीनं ढकलून त्याच्यापुढं कुटार टाके, अन मी तिले हसो. मले वाटे, बाईची जात, नखरे. बैल विकला त्या दिवशी दिवसभर अंगनात गानं म्हनत होती. तवा समजलं मले. तवापासून कोनी बैल पाहाले नेलं की मी सांगो, घरच्या बाईलेही आना. वैरन तेच टाकते. तिचा पाय मांगं गेला तं बैल घरी नेऊ नका, मंग तो सोन्याचा काहून असंना.”

“तुमाले कवापासून माहीत हाये?” दिपालीनं विचारलं.

“हाये कवापासून तरी.”

दिपाली तिथेच बसून राहिली आणि एकेक गोष्ट तिला उमगत गेली. रोज संध्याकाळी ती दुधाचा डबा घेऊन निघाली की उकंडाजी पायात वहाणा सरकवायचे. मले खर्रा आनाचा हाये, म्हणायचे, आणि काठी टेकत तिच्या दोन पावलं पुढे चालायचे. पाण्याच्या टाकीजवळ, जिथे चार-पाच कुत्री पसरलेली असत, तिथून बरोब्बर पुढे जाऊन थांबायचे. परतताना पुन्हा तसंच. नऊ वर्षं ती त्यांना त्या खर्ऱ्यावरून बोलत आली होती. तंबाखूनं लोकांच्या तोंडाचं काय होतं ते मोबाइलवर दाखवत आली होती. आणि एवढ्या वर्षांत तिनं त्यांना खर्रा खाताना एकदाही पाहिलं नव्हतं.

“मामाजी, तुमी खर्रा खाता तरी काय?”

“मांगंच सोडला. तुहं लग्न व्हाच्या आंधी.”

दिपालीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. हसूही येत होतं, पण रडूच जास्त आलं. उकंडाजी अवघडून गेले. बायकांच्या रडण्यापुढे त्यांचं काही चालत नसे. त्यांनी उगाच रिकामी बशी उचलून पुन्हा खाली ठेवली.

“लेकरायले सांगून टाक,” शेवटी ते म्हणाले. “त्यायले तुहं तोंड माह्यापेक्षा चांगलं वाचता येते. तू लपवते, म्हून ते जास्त भेतेत.”

तिनं त्याच संध्याकाळी, पानं वाढता वाढता, सांगून टाकलं.

“मले कुत्र्याचं भेव लागते.”

धर्मपालचा घास हातातच राहिला. उर्वशीनं विचारलं, “लय?”

“लय.” दिपालीनं पोटरीवरचा वण दाखवला. “अन आबा माह्याच्यानं नाही म्हनत होते. त्यायच्यासंग कट्टी नका घेऊ.”

अश्वजितनं वणावरून एक बोट फिरवलं. “दुखते?”

“आता नाही दुखत.”

“सायकल म्हनली होती तू,” धर्मपाल म्हणाला. “अन मंग सगळ्यात आंधी हो काहून म्हनली?”

दिपालीनं अश्वजितकडे नजर टाकली. धर्मपालला उशिरा का होईना कळलं. त्यानं ताट बाजूला सारलं आणि उठून तिच्यासाठी पाणी आणलं, जे त्यानं नऊ वर्षांत केलं नव्हतं. अश्वजित जेवण झाल्यावर आपली उशी घेऊन ओसरीत गेला.

रविवारी ते कळंबला गेले. तिथे हंसाबाई म्हणून एक निवृत्त नर्स राहत. त्यांचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची चार वर्षांची लॅब्राडोर मागे राहिली. हंसाबाईंचे गुडघे दुखत, त्यांच्यानं तिला फिरवणं होत नव्हतं. धर्मपालच्या यादीत सगळी पिल्लंच होती, मोठं कुत्रं एकही नव्हतं. पण यादी या खेपेला घरीच राहिली होती.

कुत्री अंगणात लिंबाखाली पडून होती. कुणी धावत गेलं नाही. उर्वशी कमरेवर हात ठेवून हंसाबाईंसमोर उभी राहिली.

“आजी, हे आईले चावते काय?”

“कोनाच्या आईले?” हंसाबाई हसल्या. “अवो बाई, लेकरायची लय माया हाये तिले.”

“लेकरायचं माहीत हाये आमाले. पप्पानं मोबाइलवर पाह्यलं,” उर्वशी म्हणाली. “आईचं सांगा.”

हंसाबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी दिपालीकडे नीट पाहिलं आणि पोरीला तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, “नाही चावत. पन तुह्या आईनं आपला वेळ घ्यावा.”

तेवढ्यात कुत्री उठली, आळस दिला आणि सावकाश त्यांच्याकडे निघाली. अश्वजित आईच्या पुढे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरले.

“बस,” त्यानं सांगितलं. “माही आई भेते.”

कुत्री बसली. तिला ‘बस’ शिकवलेलं असणार, त्यात चमत्कार काही नव्हता. पण अश्वजितनं मागे वळून आईकडे असं पाहिलं, की बघ, ऐकते ती.

उकंडाजींनी ना भोवरा पाहिला, ना दात. ते दिपालीच्या पावलांकडे पाहत होते. पावलं मागे गेली नाहीत, होती तिथेच होती. उकंडाजींनी हंसाबाईंकडे हात केला आणि पट्टा मागून घेतला. मग तो दिपालीपुढे धरला.

“आज नाही जमनार, मामाजी,” ती म्हणाली. “तुमीच धरा.”

“धरतो ना. घाई कोनाले हाये?”

लेकरं पुढे पळाली. धर्मपाल गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिला. एका बाजूला कुत्री, मध्ये उकंडाजी आणि पलीकडे दिपाली, असे ते फाटकापर्यंत चालत गेले. तिथे दिपाली थांबली आणि हंसाबाईंकडे वळली. पाच रविवार झाले, घरातल्या कुणीच, कोणत्याच कुत्र्याबद्दल जे विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

“हिचं नाव काय हाये?”

“मैना.”

दिपालीनं ते नाव एकदा म्हणून पाहिलं, स्वतःशीच, अगदी हळू. मैनेनं मान वळवली. दिपालीनं पर्स दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्यानं.