मंगलाबाईंच्या हातचा काला

सुरतेच्या उधन्यात लूमच्या खडखडाटामागे मंगलाबाईंचं घोडियाघर होतं. तिकडे पाळणाघराला हेच नाव. आया साड्यांना टिकल्या लावायला कारखान्यात जायच्या आणि पोरं मंगलाबाईंच्या ओसरीवर. दुपारी त्या परातीत वरण-भाकरीचा काला करायच्या, पोरांना गोल बसवायच्या आणि प्रत्येकाला आपल्या हाताने घास भरवायच्या. "मन्हा हातनी चवच न्यारी," म्हणायची भारी हौस. खानदेशातून बाईंनी दुसरं काही आणलं नसेल, पण ही ऐट मात्र आणली होती.

फ्लूची साथ आली तेव्हा दवाखान्यातली छाया सिस्टर बजावून गेली होती. खोकणारं माणूस, लहान असो की मोठं, घरी बसवायचं. प्रत्येकाला वेगळी वाटी, वेगळा चमचा. वाट्याही तिनेच दिल्या. मंगलाबाईंनी मान डोलावली आणि वाट्या फडताळात शोभेला मांडल्या. मग त्यांनाच खोकला लागला. "काही नही, धूर लागना," म्हणाल्या. पोरं दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत, मग घरी बसायचं कसं? तोंडावर हात धरून खोकायच्या आणि त्याच हाताने पुढचा घास द्यायच्या.

आठवड्याच्या आत ओसरी ओस पडली. जो तो तापाने फणफणलेला. सगळ्यांत धाकटा, नूतनचा योगेश, त्याला तर धाप लागून दवाखान्यात ठेवावं लागलं.

मंगलाबाई बघायला गेल्या. योगेशची धाप कमी झाली होती, पण पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यांना पाहताच नूतनला रडू फुटलं.

"बरं व्हयनं मावशी, तुम्ही उन्यात. मन्हा हातनं खासच नही तो. तुम्हीच भरावा."

तिने खिचडीचा डबा पुढे केला. योगेशनेही त्यांना ओळखून आ वासला. मंगलाबाई डब्यात हात घालणार, तोच खोकल्याची उबळ आली आणि सवयीने हात तोंडावर गेला. त्या हाताकडे पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नूतन," त्या मागे सरकत म्हणाल्या, "हाऊ खोकला मन्हाच. सिस्टरनी सांगं व्हतं, मी आयकं नही. पोऱ्याले मीच आजारी पाडं."

नूतनने डबा मांडीत ओढून घेतला आणि स्वतःच चमच्याने भरवू लागली.

योगेश चमचा ढकलून मंगलाबाईंकडेच झेपावू लागला. त्या दाराबाहेर गेल्या, पदर तोंडावर घट्ट धरला आणि तिथूनच म्हणाल्या, "हाऊ चिऊना घास..." पोरगं त्यांच्याकडे बघत आईच्या चमच्यातून खाऊ लागलं. नूतनने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिने पाहू नये, असंच मंगलाबाईंना वाटत होतं.