पाटीने न घेतलेलं नाव

ओरोझबाय अतांच्या उंबऱ्याबाहेर बुटांचे त्रेचाळीस जोड होते आणि माणसं अजून येतच होती. आत जागा नव्हती, म्हणून बायका खिडकीच्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. एरवी या घरी एवढी गर्दी लग्नाला व्हायची, नाहीतर मयताला. आज ती सात वर्षांच्या एका मुलाचं बोलणं ऐकायला जमली होती. तो मुलगा जन्मापासून एक शब्द बोललेला नव्हता. आजही बोलणार नव्हता. तो लिहिणार होता.

मुलाचं नाव एल्दियार, ओरोझबाय अतांचा, म्हणजे गावाच्या ओरोझबाय बाबांचा, एकुलता एक नातू. दारासमोरच्या मानाच्या जागेवर त्याला बसवलं होतं. त्याला चिकटून त्याची आई बुरुल बसली होती. बाप रशियात बांधकामावर होता. बुरुलच्या मांडीवर प्लायवूडची पाटी होती, पाटीवर अक्षरं चिकटवलेली होती, आणि तिच्या मुठीत एल्दियारचं उजवं मनगट होतं. मनगट पाटीवर फिरायचं, बोट एकेका अक्षरावर टेकायचं, आणि बाजूला उभे असलेले सिरगाक उस्ताद ते अक्षर मोठ्यांदा पुकारायचे.

"बाळा, माझा जावई रशियातून कधी येणार?" शेजारच्या तुर्सुनने विचारलं.

बोट फिरलं. उस्तादांनी अक्षरं जोडली. "बर्फ पडला की!"

"अगंबाई! बर्फ पडला की!" तुर्सुन रडायलाच लागली. बर्फ पडला की तिकडची बांधकामं थांबतात आणि गावातले सगळेच जावई तेव्हाच परततात, हे तिलाही ठाऊक होतं. पण पाटीने सांगितलं म्हटल्यावर ती बातमी झाली.

उस्ताद राजधानीहून आले होते. अंगात पांढरा कोट, छातीला तीन बिल्ले. "मंडळी," ते म्हणाले, "कुलूप जिभेला असतं, मनाला नसतं! या पोराच्या डोक्यात अख्खं ग्रंथालय आहे, फक्त कडी आतून लागलीय. ती कडी मी काढतो का? छे! मी कोण? कडी काढते आईची माया. स्पंदनं, मंडळी, स्पंदनं! आईच्या नाडीतून लेकराच्या नाडीत! जिची माया पक्की, तिच्या हातात पोर बोलतं. जिच्या मनात शंका, तिच्या हातात ते मुकंच राहतं."

"उस्ताद, एखादं कुलूप उरलं असेल तर आमच्या हिच्या जिभेला लावता का?" मागून एक जण ओरडला.

"घरी या, मग बघते," खिडकीबाहेरून उत्तर आलं. सगळे हसले.

मी हसले नाही. सोय किती चोख होती ते बघत होते. चमत्कार झाला तर उस्तादांची विद्या, न झाला तर आईचा दोष. आणि उस्ताद स्वतः कुठल्याच मुलाच्या हाताला कधी हात लावत नसत.

मी साल्किन. जीवशास्त्र शिकले, मग वाचा आणि विकासाच्या उपचारांचं शिक्षण घेतलं. गावापासून अर्ध्या तासावर शाळेच्या मागे माझी खोली आहे. तिथे सहा मुलं येतात, जास्त घ्यायला जागाही नाही आणि मीही एकटीच. एल्दियार आठ महिने यायचा. त्या आठ महिन्यांत तो एकच गोष्ट शिकला होता. नको झालं, की समोरच्याच्या अंगावर तळहाताने दोनदा थापटायचं. म्हणजे 'पुरे'. लोकांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे. आठ महिन्यांत एवढंच? पण पुरे म्हणता येणं म्हणजे काय, हे ज्याला कधीच म्हणता आलं नव्हतं त्याला विचारायला हवं. त्याआधी तो स्वतःचा हात चावायचा.

पाटी आली आणि बुरुलने त्याला माझ्याकडे पाठवणं बंद केलं. ज्याच्या डोक्यात ग्रंथालय आहे त्याला थापट्या कशाला शिकवायच्या?

त्या दुपारी, तुर्सुनच्या जावयानंतर आणखी पाच-सहा प्रश्न झाले, आणि मला एल्दियारचा डावा हात दिसला. तो आईच्या गुडघ्यावर थापटत होता. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा. बुरुलने नकळत गुडघा बाजूला घेतला.

मी पुढे झाले. "त्याला पुरे झालंय. तो सांगतोय."

"कोण सांगतोय?" उस्ताद गोड हसले. "बाई, तुम्ही का सांगता? त्यालाच विचारा की!"

बुरुलच्या मुठीतलं मनगट फिरलं. उस्तादांनी वाचलं, "मला आवडतंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डावा हात थापटतच होता.

तेवढ्यात ओरोझबाय अता गुडघ्यांवर हात टेकून नातवासमोर बसले. गावात मोठा मान असलेला माणूस, पण त्या क्षणी विनवत होता. "बाळा, माझं नाव लिही. एकदा तुझ्या बोटाने माझं नाव उमटू दे."

मनगट थबकलं. त्या दुपारी पहिल्यांदाच. मग बोट निघालं. थो, र, ले.

"थोरले!" उस्ताद म्हणाले.

"तसं नव्हे रे. नाव. माझं नाव."

बोट पुन्हा फिरलं. घरचे थोरले.

"काय संस्कार आहेत बघा!" कुणीतरी म्हणालं. "अगदी सुनेसारखा बोलतो!" दुसऱ्याने हसून जोड दिली. बात्मा आजींनी, म्हणजे बुरुलच्या सासूबाईंनी, डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं. अताही हसले, पण उठताना जरा पडेल चेहऱ्याने उठले.

मी मात्र तिथेच थिजले. आमच्याकडे सून सासरच्या मोठ्यांचं नाव घेत नाही. दुसरंच काहीतरी नाव पाडते आणि जन्मभर तेच वापरते. अख्खं गाव दिवसभर 'ओरोझबाय अता' म्हणतं. बात्मा आजी 'म्हातारा' म्हणतात. 'घरचे थोरले' म्हणणारं माणूस त्या घरात एकच होतं. आणि एल्दियार कुणाचीही सून नव्हता.

दोन दिवसांनी बुरुल त्याला घेऊन माझ्या खोलीवर आली. आपण होऊन नव्हे. शिक्षण खात्याची समिती येणार होती. पाटी खरी मानली तर एल्दियार नेहमीच्या शाळेत बसणार होता, आईने हात धरून, आणि माझ्याकडची त्याची जागा कायमची जाणार होती. समितीला माझं टिपण हवं होतं.

"उस्ताद म्हणाले, परीक्षा घेऊ देऊ नकोस," ती म्हणाली. "परीक्षा म्हणजे अविश्वास."

"दहा चित्रं फक्त. त्याने जे पाहिलं ते लिहायचं."

"एवढंच? मग घ्या. तो तर म्हाताऱ्या माणसांना आशीर्वाद देतो."

दोघांच्या मध्ये मी पुठ्ठा उभा केला. पाटी दोघांना दिसायची, पण एकमेकांचं चित्र दिसायचं नाही. प्रत्येक वेळी एक चित्र त्याच्यासमोर धरायचं, एक तिच्यासमोर. तिला वाटलं दोन्ही सारखीच आहेत. चार वेळा होतीही. सहा वेळा नव्हती.

त्याच्यासमोर घोडा, तिच्यासमोर किल्ली. पाटी म्हणाली, किल्ली. त्याच्यासमोर सफरचंद, तिच्यासमोर बूट. पाटी म्हणाली, बूट. एल्दियार बहुतेक वेळ खिडकीकडे बघत होता. बोट कुठल्या अक्षरावर आहे, याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"दहाच्या दहा!" शेवटचं चित्र ठेवताना बुरुलचा चेहरा नुसता फुलला होता. "बघा, एजे! दहाच्या दहा बरोबर! आता लिहाल ना?"

मी तिला एजे म्हणजे मोठ्या बहिणीसारखी. मोठ्या बहिणीने जे करायला नको असतं ते मी केलं. तिच्यासमोरून गेलेली चित्रं मी टेबलावर एका रांगेत मांडली आणि त्यांच्याखाली एल्दियारची.

ती बराच वेळ बघत राहिली. एक बोट घोड्यावर ठेवलं, एक किल्लीवर. मग सफरचंदावर, मग बुटावर. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"मी ढकलत नाही, एजे. कुराणावर हात ठेवून सांगते."

"मला माहीत आहे. तू खोटं बोलत नाहीस."

"मग?"

"कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही मुली कागदावर अक्षरं लिहून त्यावर बशी उपडी घालायचो. चौघी जणी बोट टेकवायच्या, बशी सरकायची, कुणाचं लग्न कुणाशी होणार ते सांगायची. जिला उत्तर माहीत असायचं ती खोलीबाहेर गेली, की बशी अडाणी व्हायची. एकीनेही मुद्दाम ढकललं नव्हतं. मनात उत्तर असलं की हाताचे स्नायू आपल्याला न सांगता तिकडे जातात. इतके थोडे, की ज्याचा हात त्यालाही कळत नाही."

तिने स्वतःच्याच हाताकडे पाहिलं.

"बुरुल, तू सासऱ्यांचं नाव घेतेस?"

"काहीतरीच काय! मी कशी घेईन?"

"मग एल्दियारला कोणी अडवलं होतं?"

तिने तोंडावर हात ठेवला. रडली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "परवा त्याने लिहिलं, आई थकलीय, आईला झोपू द्या. सासूबाईंनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गाईची धार काढली. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी तोंडाने म्हटलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं, तुम्हाला सांगायला नको. मुकं पोर जन्माला घातलंस, वर झोप हवी! आता मला मानाच्या जागेवर बसवतात. तेव्हा ते कोण बोललं, एजे?"

"तूच."

"मग ते आता बंद?"

मी म्हटलं, "पाटी तरी बंद कर. तो माझ्याकडे येऊ दे. हळूहळू शिकेल."

"किती?"

"माहीत नाही. कदाचित थोडंच."

तिने एल्दियारला कोट घातला, बटणं लावली. टिपण बदला असं एकदाही म्हणाली नाही.

मी खरं तेच लिहिलं. समिती येण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा अतांच्या घरी गेले, चित्रं घेऊन. भर गर्दीत ती मांडून दाखवली. काही जण पुढे वाकले. कुजबुज झाली. उस्ताद क्षणभर पांढरे पडले, त्यांच्या कोटासारखे. मग म्हणाले, "शंकेखोर खोलीत स्पंदनं चालत नाहीत! मुलाचा अपमान झाला, म्हणून त्याने मुद्दाम चुकीचं लिहिलं."

"चुकीचं नाही," मी म्हटलं. "सहाच्या सहा वेळा आईसमोरचं चित्र लिहिलं. ते त्याला दिसतही नव्हतं."

आणि उस्तादांचा चेहरा उजळला.

"ऐकलंत, मंडळी? बाईंच्या तोंडूनच ऐकलंत? न दिसणारं चित्र लिहिलं! हा आता दुसऱ्याचं मन वाचतो!"

"अल्ला!" तुर्सुन किंचाळली.

मी बुरुलकडे पाहिलं. माझ्याशिवाय खोलीत खरं माहीत असलेली ती एकच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मग खाली बघून एल्दियारचं मनगट उचललं.

समितीचे तिघे आले, चहा घेतला, पाटीने त्यांना दीर्घायुष्य चिंतलं. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं टिपण फायलीत गेलं असेल. मी तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. एल्दियारची जागा पुढच्या मुलीला मिळाली, कारण यादीत वाट बघणारी मुलं नेहमीच जास्त असतात. वसंतात एकदा त्याला बाजारात पाहिलं. कुणीतरी आशीर्वादासाठी अडवलं होतं. मी त्याचा डावा हात शोधला. तो आता थापटत नव्हता. लोंबत होता. मनगटावर दातांच्या जुन्या-नव्या खुणा होत्या. जी गोष्ट सांगून कुणी ऐकत नाही, ती मूल सांगणं सोडून देतं. उस्ताद पुढच्या खोऱ्यात गेले. तिथल्या चार आयांच्या हातांत आता पाट्या आहेत, असं ऐकते.

ओरोझबाय अता एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, "साल्किन, तू हुशार आहेस. पण माझा नातू माझ्याशी बोलला, ते तू माझ्याकडून का काढून घेतेस?" मी म्हटलं, "तो बोलला नाही, अता." ते म्हणाले, "मला कळतं ते." आणि घोड्याला टाच मारली.

म्हणून हे लिहिते. वाचून कुणाची पाटी खाली ठेवली जाईल, अशी मला फारशी आशा नाही. तरीही सांगते. मूल बोलू लागलं, असं तुम्हाला कुणी दाखवलं, तर आनंद व्हायच्या आधी एकच करा. हात धरणाऱ्याला माहीत नसलेली, पण मुलाला माहीत असलेली एक गोष्ट त्याला विचारा. दोन चित्रं आणि एक पुठ्ठा पुरतो. प्रयोगशाळा लागत नाही, पदवी लागत नाही, आणि त्यात मुलाचा कसलाही अपमान नाही. खरं उत्तर आलं, तर मी स्वतः येऊन त्या उस्तादांची माफी मागेन. नाही आलं, तर ऐकू येतंय तो आवाज तुमचाच आहे. तो ज्याचा आहे त्याने तो स्वतःच्या तोंडाने बोलावा, कितीही कठीण असलं तरी. आणि मुलाला त्याचा हात परत द्यावा.