चाक टेकवा, मग मला आवळा

मी एक रबरी बुश. ओळखलं नाहीत ना? साहजिक आहे. गाडीच्या पोटाखाली राहणाऱ्याला कोण ओळखणार! चाकाला गाडीशी जोडणारा एक लोखंडी हात असतो, त्याला कंट्रोल आर्म म्हणतात. त्या हाताच्या सांध्यात मी बसतो. अंगाने काळा, ठेंगणा, पोटात लोखंडी नळी. रस्त्याचा दणका मी गिळतो आणि वरची माणसं निवांत गप्पा मारतात. कौतुक मात्र सगळं सीटचं!

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात रबर आणि लोखंड असं एकजीव झालं, की आता वेगळं करायचं तर फाडावंच लागेल. मी आणि माझा जुळा भाऊ एका खोक्यात बंद होऊन गॅरेजच्या फळीवर येऊन पडलो. गाडीचा आवाज आला की भाऊ म्हणायचा, "आपल्यासाठीच आली!" आणि मिस्त्री शेजारचा ऑइलचा डबा घेऊन जायचा. चिडचिड व्हायची नुसती.

एका सकाळी खडखड करत एक जुनी गाडी आली. त्यातून नवरा-बायको उतरले आणि मागून, कमरेवर हात ठेवून, नवऱ्याची आई.

"मिस्त्री, ही गाडी नाही, खुळखुळा आहे," आई म्हणाल्या. "उतरल्यावर हाडं मोजून घ्यावी लागतात. पण आज माझ्या ताईचा वाढदिवस आहे. काही करा, मला तिच्याकडे जायचंच आहे."

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दर रविवारी दोघी बहिणींची बैठक ठरलेली. गाडी खडखडायला लागली, आईंची कंबर धरायला लागली, आणि बैठक फोनवर आली. "फोनवर भांडायला मजा येत नाही हो," त्या म्हणाल्या. बोलताना डोळे भरले होते त्यांचे.

मुलगा पुढे झाला. "मागे मी स्वतः घरी नवे बुश बसवले होते. रबरच भिकार निघालं. आता ते लाल, कडकवाले द्या. जन्मभर फाटत नाहीत."

मिस्त्रीने काउंटरवर मला आणि एका लाल बुशला शेजारी शेजारी ठेवलं. तो लालबुंद गडी काय ऐटीत होता! शर्यतीच्या गाड्यांत त्याचा मोठा मान, ते मी नाकारत नाही.

"वळणावर गाडी घट्ट राहील," मिस्त्री म्हणाला, "पण वाटेतला खडा न् खडा आत बसलेल्याला कळेल. रोज गाडीत बसतं कोण?"

"कामावर जाताना मी," सून म्हणाली. "आणि रविवारी आई."

"अगं, पण टिकलं तर पाहिजे!" मुलगा हटून बसला. हा लाल्या विकला गेला तर मी पुन्हा फळीवर आणि आई पुन्हा फोनवर!

मिस्त्रीने जुना बुश काढला. आर्म सरळ होता, ठणठणीत होता. बुश मात्र तिरका फाटलेला, पिळलेल्या फडक्यासारखा. माझ्याजवळ ठेवला तेव्हा तो पुटपुटला, "बाळा, मला रस्त्याने नाही मारलं. मला आवळतानाच पिळलं."

सुनेने त्याला उचलून पाहिलं. "अहो, तुम्ही बोल्ट आवळलात तेव्हा गाडी जॅकवर होती ना? चाक लोंबकळत होतं. टॉर्च मीच धरला होता."

"मग गाडी खाली घेतल्यावर आर्म वर गेला आणि हा पिळला," मिस्त्री म्हणाला. "उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलाच राहिला बिचारा."

मुलाने बुश उलटसुलट करून पाहिला. कान लाल झाले आणि मग तो स्वतःच खो-खो हसत सुटला. "म्हणजे मीच याचा जीव घेतला!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आई कडाडल्या. "आणि मी इकडे कमरेला तेल चोळतेय!" सगळं गॅरेज हसलं.

"रबरीच द्या," मुलगा म्हणाला. "दोन्ही बाजूंचे." भावाने आणि मी मनातल्या मनात उड्या मारल्या!

प्रेसवर दाबून आम्हाला आर्ममध्ये बसवलं. मग बोल्ट सैल ठेवूनच गाडी गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर, चाकं टेकवून उभी केली. "नेहमीचं वजन हवं," मिस्त्री म्हणाला. "आई, आत बसा."

आई ऐटीत बसल्या. "सूनबाई, वजन कमी करा म्हणतेस ना? बघ, आज कामी आलं!"

मुलगा स्वतः खाली खड्ड्यात उतरला आणि त्याने बोल्ट आवळले. अंगाला जराही पीळ नाही. हुश्श! किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तिथून गाडी थेट ताईकडे निघाली. गतिरोधक दिसताच आईंनी डोळे मिटून दारावरची दांडी धरली. थोड्या वेळाने एक डोळा उघडून म्हणाल्या, "गेला की काय?" गेला होता. मी गिळला होता.

ताई फाटकातच उभी होती. "आलीस?"

"आले. आता समोरासमोर भांडू." आणि दोघींनी गळ्यात गळा घालून डोळे पुसले. मग ताईने गाडीकडे पाहिलं. "मलाही एक चक्कर मारून आण की!"

तर मंडळी, बुश निवडताना आधी गाडीत कोण बसतं ते आठवा, आणि आवळताना चाक जमिनीवर असू द्या. बाकीचं आमच्यावर सोडा. येतो आता. दोघी बहिणी मागे बसल्यात, भांडण ऐन रंगात आलंय, आणि पुढे रस्ता खणून ठेवलाय. एक शब्दही सांडता कामा नये.