टाकीच्या फोल्डरमधली जागा

रनाळ्याच्या वाटेवरच्या त्या साखर कारखान्यात सर्व्हर एकच, आणि तो आपल्या मालकीचा आहे असं समजणारे पन्नास. लग्नाचे अल्बम, सिनेमे, नातवंडांचे नाच, काय काय कोंबून लोकांनी तो गळ्यापर्यंत भरला होता. शेवटी संगणक विभागाच्या नूतनने प्रत्येक विभागाला सारखी जागा ठरवून दिली. जागा संपली की नवं काही साठणार नाही, मग कोणी कितीही पाया पडो.

आता आरडाओरडा होणार म्हणून ती कंबर कसून बसली होती. पण महिना उलटला तरी एक तक्रार नाही. साहेबांनी पाठ थोपटली. नूतनला मात्र ते काही बरं वाटेना. आपली माणसं आणि गुपचूप ऐकतील? शक्यच नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी तिने एकेक फोल्डर उघडून पाहिला. आपल्याकडे कापसाला भाव येईपर्यंत घरं भरून जातात. मग उरलेला कापूस ज्याच्याकडे रिकामी खोली असेल त्याच्याकडे टाकायचा, आणि तोही कधी नाही म्हणत नाही. इथेही तेच चाललं होतं. सगळ्यात रिकामा फोल्डर मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या घट्ट पाकाच्या, टाकीचा. त्यात फक्त टाकीच्या तापमानाचे आकडे साठायचे, त्यांना जागा ती किती लागणार! म्हणून बॉयलर पेटवण्याच्या पूजेचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ ऑफिसच्या भरतने तिथे ढकलले. शेतकी विभागाने मेळाव्याचे ढकलले. टाकीवर नेमणूक हिलालची, म्हणजे नूतनच्याच वडिलांची. कोणी मागितल्यावर त्यांनी पासवर्ड हसतहसत देऊन टाकला असणार, माणूसच तसा.

नूतनलाही हसू आलं. मग तिने शेवटच्या नोंदीची तारीख पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. फोल्डर काठोकाठ भरला होता. तापमानाची शेवटची नोंद गेल्या आठवड्यातली होती. त्यानंतर एकही नाही.

हिलालच्या खोलीत नूतननेच बसवलेला संगणकाचा पडदा याच नोंदींमधला शेवटचा आकडा दाखवायचा. नवा आला नाही की जुनाच. मळी उन्हाळ्यात आपसूक तापते. आकडा चढला की टाकीवर पाण्याचे फवारे सोडायचे, हा तिथला नेम. तापतच राहिली तर आत वायू कोंडतो, फेस चढतो आणि टाकी फाटते. आकडा चढलाच नव्हता, म्हणून आठवडाभर फवारे बंद होते, आणि बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं. नूतनने वडिलांना फोन लावला आणि ती जिन्याकडे धावली.

“आप्पा, कोठे शे तू?”

“टाकीना सावलीमा. भाकर खाई ऱ्हायनू.”

“ऊठ तठून! पळ! टाकी तापेल शे!”

“काय बोलस बेटा? आतेच पडदा देखा मी. एकेचाळीस शे. आठ दिनपाईन हालना बी नही.”

“तो आकडा जुना शे, आप्पा! फोल्डर भराई गया!”

“त्या व्हिडिओसनं म्हनस का?” हिलाल हसले. “जागा पडेल व्हती, लोकेसले नही कसं म्हनो?”

“आप्पा, तुन्हा पाया पडस, पहिले ऊठ!”

“घाबरू नको. मी समदासले सांगस, हाई मशीन मन्ही पोरनी लायेल शे. ते खोटं बोली का कधी?”

त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की नूतनला रडू कोसळलं. ती शेवटच्या पायऱ्या उतरत होती तेवढ्यात फोनमधून पत्रा ताणल्यासारखा आवाज आला.

“हाई काय शे...” हिलाल म्हणाले.

पुढचा आवाज ऐकायला फोन लागला नाही. सगळ्या इमारतीच्या काचा थरथरल्या. नूतन बाहेर धावली आणि टाकीच्या अलीकडच्या मैदानात तशीच उभी राहिली, फोन कानाला लावून. फोन अजून चालू होता. ती आप्पा, आप्पा म्हणत राहिली, आणि पलीकडून काहीतरी जड, संथपणे वाहत असल्याचा आवाज तेवढा येत राहिला.