मुक्कामी गाडी

माया कांबळे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात शिराळ्यात अर्जुना पाटलाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमची जीप इकायची हाय का?"

अर्जुना दाढी करत होता. अर्धी दाढी तशीच ठेवून तो बघत राहिला. बावीस वर्षं त्यानं शिराळा ते कोकरूड जीपमध्ये माणसं भरून वडाप केलं होतं आणि त्या काळात या बाईंनी त्याला जेवढा त्रास दिला तेवढा पोलिसांनीही दिला नव्हता. एसटी सुटायच्या पाच मिनिटं आधी तो स्टँडबाहेर जीप लावून "कोकरूड, कोकरूड" ओरडायचा. मग मायाबाई एसटीच्या दारातून ओरडायच्या, "त्या गाडीला ब्रेक न्हाई!" लोक मुकाट्यानं एसटीत चढायचे. ब्रेक होता. जरा उशिरा लागायचा, पण होता.

"कशाला पायजे?" त्यानं विचारलं.

"झोपायला."

अर्जुनाला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, पण खरं तेच होतं. संध्याकाळची शेवटची एसटी एखाद्या डोंगरातल्या गावात रात्रभर थांबते आणि पहाटे परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. बाईमाणूस म्हणून मायाबाईंना ही मुक्कामाची ड्युटी कधीच लागली नाही. सोबतचे कंडक्टर सकाळी येऊन सांगायचे, काय थंडी होती, काय चांदणं होतं. त्यांनी ते चोवीस वर्षं ऐकून घेतलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी प्रियदर्शनी पुण्याला नोकरीला होती. आता ड्युटी लावणारं कोणी नव्हतं. त्यांनी ती स्वतःच लावून घेतली.

जीप गोठ्यामागं बाभळीखाली उभी होती. मागच्या सीटखाली कोंबड्या अंडी घालत होत्या.

"कोंबड्या कुठं जातील?" अर्जुनाची बायको सुलाबाई म्हणाली. गाडी विकण्याबद्दल ती एवढंच बोलली.

चहा व्हायच्या आत व्यवहार ठरला.

मूळची ती लष्कराच्या लिलावातली गाडी, चारही चाकांना जोर देणारी. पण पुढची चाकं ओढायला लागली की डिझेल जास्त जातं, म्हणून अर्जुनानं पहिल्याच महिन्यात पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढून टाकला होता. फोर व्हीलची दांडी तेवढी राहिली होती. तिला पॅसेंजर पिशव्या अडकवायचे.

मायाबाईंनी जीप टेम्पोत घालून साताऱ्याला नेली. तिथं एमआयडीसीजवळ त्यांचा चुलतभाऊ धोंडिराम याची शेड होती. धोंडिरामची हयात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली होती. त्यानं जीपला दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं आणि उभा राहिला.

"माये, ह्यात जीप कुठली ती मला दाखीव."

"तूच शोध. तुला पेन्शन त्याचीच मिळती."

कामाला आठ महिने लागले. तळाचा पत्रा गंजून गेला होता, तो नवा बसवला. इंजिन उतरवलं, धुतलं, परत चढवलं. ब्रेकचं काम मायाबाईंनी सगळ्यात आधी करून घेतलं. अडलं ते पुढच्या शाफ्टवर. तसला शाफ्ट भंगारातही सापडेना. शेवटी त्यांनी अर्जुनाला फोन लावला.

"हाय की," अर्जुना म्हणाला. "म्हस बांधतोय त्याला."

दुसऱ्या दिवशी तो शाफ्ट खांद्यावर घेऊन एसटीनं साताऱ्यात आला. बावीस वर्षं जमिनीत खुंटा म्हणून उभा राहूनही शाफ्ट सरळ होता.

"लगेजचं तिकीट काढलं का ह्याचं?" मायाबाईंनी विचारलं.

"काढलं," अर्जुना म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच काढलं, हे त्यानं सांगितलं नाही, पण त्यांना कळलं.

धोंडिरामनं शाफ्ट घासला, दोन्ही टोकांच्या सांध्यातले क्रॉस नवे टाकले आणि तो बसवला. त्यानंतर अर्जुना दर गुरुवारी साताऱ्याला यायला लागला. गाडी आपली राहिली नाही हे त्याला मान्य होतं. पण दुसऱ्यानं ती चुकीची दुरुस्त करावी हे मान्य नव्हतं. ज्या गुरुवारी धोंडिरामनं मागची बाकडी कापून काढली, त्या गुरुवारी तो शेडबाहेर जाऊन बसला.

"हितं अकरा माणसं बसायची," तो म्हणाला.

"आता दोघं झोपतील," मायाबाई म्हणाल्या.

"आन् बाकीची नऊ?"

"एसटीनं जातील."

बाकड्यांच्या जागी फळ्यांचा पलंग आला, त्याखाली भांड्यांचे खण. बाजूला तोटीची पाण्याची टाकी, वरून ओढायची ताडपत्री. मागचा फाळका उघडला की त्याचं टेबल व्हायचं आणि त्यावर शेगडी मावायची. पलंग दोघांचा का, असं अर्जुनानं विचारलं तेव्हा धोंडिराम म्हणाला, "गाडीची रुंदी तेवढीच हाय, मी काय करू?" शेडसमोरच्या मैदानात त्यानं मायाबाईंना गाडी शिकवली. "चिखलात, वाळूत फोर व्हील लावायची," तो रोज सांगायचा. त्याच्या पुढचं मायाबाईंनी कधी नीट ऐकलं नाही. मायाबाई लायसन मिळवून, पासिंग करून जीप शिराळ्याला घेऊन आल्या आणि दाखवायला अर्जुनाच्या दारात गेल्या.

अर्जुना बघत राहिला. सुलाबाई बाहेर आली, गाडीभोवती फिरली आणि पुढच्या सीटवर हात ठेवून म्हणाली, "मी बसू?"

"बसा की."

ती बसली. पाय लांब करून बघितले. "बावीस वरसात मी पुढं बसली न्हाई. तिथं कायम पॅसेंजर."

"तुला मी कवा न्हाई म्हटलं?" अर्जुना म्हणाला.

"कवा इचारलं?"

अर्जुना आठवायला लागला. आठवेना. तोवर तिनं मायाबाईंना विचारलं, "ताई, कवा निघायचं?"

सोमवारी निघायचं ठरलं. जायचं जतकडं, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या माळावर, कारण तिथं मायाबाईंना ठाऊक असलेला एकही स्टॉप नव्हता. सुलाबाई गाठोडं आणि चटणीची बरणी घेऊन आली. अर्जुनानं टायरची हवा तीनदा बघितली.

शिराळ्याच्या नाक्यावर एका म्हाताऱ्यानं हात केला. गाडी हळू झाली तसा तो मागून चढला, चपला काढल्या आणि पलंगावर मांडी घालून बसला. "पेठ नाक्याला सोडा."

मायाबाईंनी मागं बघितलं. त्याला पेठ नाक्याला सोडलं.

"गाडी सुधारली," उतरताना तो म्हणाला.

दुपारी उशिरा त्या जतच्या पुढं माळावर पोचल्या. कुसळं, दगड आणि मधूनच एखादी बाभळ. एका कोरड्या ओढ्यात जीप वाळूत रुतली. मायाबाईंनी फोर व्हीलची दांडी ओढली. मागची चाकं आणखी खोल गेली, पुढची जागची हलली नाहीत.

काठावर एक मेंढपाळ उकिडवा बसून बघत होता. शंभरेक मेंढरं त्याच्यामागं थांबली होती. त्यानं नाव सांगितलं, बिराप्पा. तो मेंढरांशी कानडी बोलत होता आणि माणसांशी मराठी.

"हितं एसटी येत न्हाई," तो म्हणाला.

"मला म्हाईत हाय."

"फुडची चाकं फिरंनात की."

मायाबाई चाकाकडं बघत राहिल्या आणि त्यांना धोंडिरामचं अर्धंच ऐकलेलं वाक्य पुरं आठवलं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक कळ असते. ती हातानं फिरवल्याशिवाय दांडी नुसती शोभेला. त्या उतरल्या. डावीकडची फिरली. उजवीकडची घट्ट बसली होती. बिराप्पानं काठी लावून बघितलं, काठीचं टोक मोडलं.

सुलाबाईनं पदर हाताला गुंडाळला, कळ धरली आणि फिरवली. ती कर्रकन फिरली.

"आमची म्हस ह्याच्यापरीस अवघड हाय," ती म्हणाली.

जीप एका दमात वर आली. इंजिनाचा आवाज ऐकून मेंढरं चहूकडं पळाली. ती गोळा करायला अर्धा तास गेला. मायाबाईंनी आणि सुलाबाईनं न सांगता मेंढरं वळवली, त्यात सुलाबाईची चप्पल तुटली.

मग फाळका उघडून चहा केला. बिराप्पानं दोन कप प्यायले आणि सगळं नीट बघून घेतलं. पलंग, टाकी, ताडपत्री.

"घर न्हाई व्हय तुमाला?"

"हाय. दोघींनाबी हाय."

"मग?"

"भाईर झोपायचं हुतं," मायाबाई म्हणाल्या.

बिराप्पा वर्षातले आठ महिने बाहेर झोपत होता. त्यानं यावर बराच विचार केला. "त्यात बघण्यासारखं काय न्हाई," तो शेवटी म्हणाला. "पर हितं लावू नका. वारं लय हाय. त्या बांधाच्या आडाला लावा."

बांधाच्या आडाला गाडी लावून त्यांनी भाकरी-चटणी खाल्ली, बिराप्पालाही दिली. सुलाबाई पडल्या पडल्या झोपली. मायाबाई जाग्या राहिल्या. वारा ताडपत्री हलवत होता, लांब कुठंतरी मेंढरू खोकत होतं. घंटी नव्हती, कोणी ढकलत नव्हतं, सुट्टे मागत नव्हतं. लोक म्हणायचे तसं चांदणं वगैरे काही नव्हतं, ढग होते. त्यांना लय बरं वाटलं, इतकं की एकटीनंच मोठ्यानं "बरं हाय" म्हणून बघितलं.

सकाळी बिराप्पा बांधावर आला तेव्हा त्याच्या दोन्ही काखेत एकेक कोकरू होतं. पहाटे जन्मलेली. कळप चार मैलांवरच्या तळ्याकडं निघाला होता आणि कोकरांना एवढं चालता येत नव्हतं. तो काही मागत नव्हता. नुसता उभा होता.

"द्या हिकडं," सुलाबाई म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसून दोन्ही कोकरं मांडीवर घेतली.

मायाबाईंनी जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली. पुढं मेंढरं, त्यांच्यामागं बिराप्पा, त्याच्यामागं त्या. मेंढरं मनाला येईल तिथं थांबत होती आणि गाडीही तिथं थांबत होती. चार मैल जायला दुपार झाली.